पापड आणि पाचशे चार

प्रिंटर सुरू झाला की पलीकडच्या सोनवणेकाकू भिंतीवर लाटणं आपटायच्या. "झालं वैनी, शेवटचंच पान!" असं बाबा इकडून ओरडायचे, आणि ते शेवटचं पान कधीच नसायचं. पत्र्यावर करवत चालवावी तसा त्या प्रिंटरचा आवाज. त्या आवाजात आई भाकऱ्या थापायची, मी अभ्यासाचं सोंग करायची, आणि स्टोव्हवर सुकट भाजली जात असली की लग्नपत्रिकांच्या कच्च्या प्रतींनाही सुकटीचा वास लागायचा. एकदा एका नवऱ्या मुलाच्या मामाने कागद नाकाशी धरून विचारलं होतं, "काय हो भालेराव, जेवणाचा बेतपण छापलाय काय?" बाबा खो खो हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या वयात मला कशाचीही लाज वाटायची, आमच्या वासाची, आमच्या भिंतीची, आईच्या बोलण्याची. खरी लाज काय असते ते अजून कळायचं होतं.

अंबरनाथला कारखान्यांच्या मागच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाबांनी उभं आयुष्य उल्हासनगरच्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात घालवलं. छापखाना बंद पडला तेव्हा चाळीला वाटलं, भालेराव आता नाक्यावर पेपर वाचत बसणार. पण बाबा कुठले बसतात! एका ऑफिसातून भंगारात निघालेला कम्प्युटर त्यांनी रिक्षात घालून आणला आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी मांडला. फोर-एट-सिक्स म्हणायचे त्याला. आई त्याला पेटी म्हणायची. आईने पेटीसाठी क्रोशाचं झाकण विणलं, त्याला खाली लाल झालर लावली. बाबा मराठी टायपिंग शिकले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि जीभ दातांत धरून. खिळे जुळवणारी बोटं, त्यांना अक्षर कुठल्या घरात बसतं ते शोधायची सवयच होती. वर्षभरात लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, जयंतीची पावती पुस्तकं, सगळं आमच्या खिडकीतून व्हायला लागलं.

आणि मी उल्हासनगरला कम्प्युटरच्या क्लासला जात होते. बाबांना त्याचा कोण अभिमान! गिऱ्हाईक आलं की, "ही आमची सुजाता. कम्प्युटरमधली डॉक्टर आहे." मी मान खाली घालायची, पण आतून फुगायची. दुरुस्तीतलं मला फारसं काही येत नव्हतं. झाकण काढायचं, फुंकर मारायची, वायर नीट बसवायची, एवढ्यावर माझी डॉक्टरकी चालली होती. पण पेटीजवळ बसून मी असं काही तोंड करायची की कुणाची विचारायची छाती होऊ नये.

पेटीचं एकच दुखणं होतं. तिची हार्ड डिस्क लहान. लोकांना पत्रिकेवर फोटो हवे असायचे, आणि एकेक फोटो म्हणजे डिस्कच्या छातीवर धोंडा. नवं लग्न आलं की जुनं पुसायचं, असं चाललं होतं. पण त्या वर्षी जयंतीची स्मरणिका बाबांकडे आली. आमच्या वस्तीतली जी माणसं गेली त्यांचे फोटो त्यात घालायचे होते, घरोघरच्या भिंतीवरून उतरवून आणलेले. ते फोटो एकदा आत घातल्यावर पुसायचे नाहीत असं बाबांनी ठरवलं. "माणसं एकदा मेलीत, मी परत नाही मारणार," ते म्हणाले. म्हणून मोठी डिस्क घ्यायची ठरली. एक जीबी, म्हणजे हजार एमबी. तेव्हा हा आकडा बोलताना आमचा आवाज आपोआप खाली यायचा. आज माझ्या लेकीच्या फोनमध्ये एका लग्नाच्या नाचाचे व्हिडिओ याच्यापेक्षा जास्त आहेत.

डिस्क कुठून घ्यायची यावर चर्चाच नव्हती. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधले होतूशेठ; फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांच्या छावणीचं ते नाव तसंच राहिलं होतं. कॅसेटपासून कॅल्क्युलेटरपर्यंत आणि तिथून कम्प्युटरपर्यंत त्यांचं दुकान काळाबरोबर सरकत आलं होतं. बाबा छापखान्यात होते तेव्हापासूनची ओळख. त्या ओळखीची सुरुवात बाबा आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. पहिल्यांदा ते त्या दुकानात गेले ते रेडिओचा सेल आणायला. शेठनी बसायला स्टूल दिलं आणि आत आवाज दिला. पडद्यामागे शेठची बायको स्टोव्हवर पापड भाजत असायची. मिरी घातलेला सिंधी पापड आणि स्टीलच्या पेल्यात पाणी, बाबांच्या पुढे आलं. सिंध्यांच्यात ही रीतच असते, आलेल्या माणसाला आधी पापड-पाणी, मग काय ते बोला. बाबांना ती रीत माहीत नव्हती. ते पेल्याकडे बघत राहिले. गावाकडे त्यांनी पाणी प्यायलं होतं ते ओंजळ करून, वरून कुणी ओतलं तर. इथे ज्या पेल्यातून शेठ प्यायले त्याच पेल्यातून बाबांना दिलं. "नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही," बाबा घरी येऊन आईला म्हणाले होते. आईने तेव्हा विचारलं होतं म्हणे, "पापड कसा होता?" आमच्या आईचं हे असं. पण पुढे बाबा दर वेळी रिबिन किंवा फ्लॉपी आणायला गेले की आई ते विचारायचीच, आणि बाबा दर वेळी सांगायचे, "तिखट. मस्त."

तर डिस्क आली. शेठनी तिच्या पाठीवर मार्करने दुकानाची खूण केली. त्यांची गॅरंटी म्हणजे ती खूण आणि तोंडचा शब्द. रविवारी संध्याकाळी मी झाकण काढलं. चाळीतली पाचसहा माणसं बघायला जमली होती, आईने चहा टाकला होता. जुन्या डिस्कची वायरची पट्टी काढून नवीला लावली. चपखल बसली. स्क्रू बसले, दिवा लागला, डिस्क घुमायला लागली. पट्टी बसली म्हणजे सगळं बसलं अशी माझी समजूत. आणि पडद्यावर आकडा आला, पाचशे चार.

मी पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. पाचशे चार. डिस्कच्या लेबलवर हजाराच्या वरचा आकडा छापलेला, आणि पेटी म्हणतेय पाचशे चार. बाबा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. "काय गं, कितीची आहे?" सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मला माहीत नाही, असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी म्हणाले, "बाबा, अर्धीच आहे. फसवलंय आपल्याला. वर लेबल मोठं चिकटवलंय." सोनवणेकाका लगेच म्हणाले, "उल्हासनगरचा माल! अजून काय येणार?" सगळे हसले. तो तेव्हाचा सर्रास विनोद होता, बनावट वस्तू दिसली की उल्हासनगर. बाबा हसले नाहीत. त्यांचा चेहरा काळवंडला. त्यांनी चहा घेतलाच नाही. मला तेव्हा वाटलं, डिस्कसाठी. आता कळतं, तो पेला त्यांच्या डोळ्यांपुढे आला असणार. ज्या एका माणसाने आपल्याला माणूस समजून बसवलं, तोच लबाड निघाला, हे त्यांना सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन दुकानात गेले. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. शेठ नेहमीसारखे, "आओ भालेरावजी, आओ बेटी," आणि आत आवाज दिला. बाबांनी डिस्क काउंटरवर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच. "शेठ, ही अर्धी निघाली. वर एक, आत एक."

शेठनी पेन कानामागून काढलं, डिस्क उलटीसुलटी केली. "ऐसा नहीं हो सकता साईं. माल पॅक आया है. मेरे सामने खोला."

"माझी पोरगी कम्प्युटर शिकते. ती काय खोटं बोलते?"

"बेटी खोटं नाय बोलत. पण..." शेठ माझ्याकडे बघत म्हणाले, "कितना दिखाया, बेटी?"

"पाचशे चार," मी म्हटलं. कसं म्हटलं! कोर्टात साक्ष दिल्यासारखं, मान वर करून.

शेठनी डिस्कवरचं लेबल पुन्हा वाचलं. त्यांनाही काही कळत नव्हतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्या काळी त्या मोठ्या डिस्का नवीनच आल्या होत्या; विकणाऱ्याला तरी काय ठाऊक! त्यांनी वाद घातला नाही. मागच्या फळीवरून दुसरी डिस्क काढली, आमच्यासमोर पाकीट फोडलं, खूण केली. "ये ले जाओ. वो मैं देखता हूं." तेवढ्यात त्यांची बायको पडद्यातून बशी आणि पेला घेऊन आली. पापड, पाणी. तिने ते बाबांपुढे धरलं.

आणि बाबांनी हाताने बशी बाजूला सारली. जोरात नाही, पण बशी कलली आणि पापड फरशीवर पडून फुटला. "नको आम्हाला तुमचं पाणी," बाबा म्हणाले. मग त्या भरल्या दुकानात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तुम्ही लोक असेच. तुमचं सगळं उल्हासनगरचंच. पाण्यात पण भेसळ असेल."

दुकानात कुणीतरी फिस्सकन हसलं. शेठची बायको पेला हातात धरून तशीच उभी राहिली. मराठी तिला येत होतं की नाही कोण जाणे, पण एवढं कळायला भाषा लागत नाही. ती खाली वाकली आणि पापडाचे तुकडे गोळा करायला लागली. मी बाबांकडे बघितलं. हा माणूस दर जयंतीला माइकवर उभा राहून सांगायचा, हातातलं पाणी नाकारलं की माणूस कसा आतून तुटतो. सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा, बायका पदर डोळ्यांना लावायच्या. तो माणूस हा? मला बाबांची लाज वाटली. सुकटीच्या वासाची वाटायची तशी नाही, ही खरी. आणि बाबांच्या बाजूने साक्ष तर मीच दिली होती.

घरी आल्यावर दुसरी डिस्क लावली. पाचशे चार. तोच आकडा, एकाने कमी नाही, एकाने जास्त नाही. बाबा म्हणाले, "बघ, सगळा माल एका साच्यातला." पण माझ्या मनात पाल चुकचुकली. खोटं करणारा माणूस इतकं मापात खोटं करेल? सकाळी जुनी डिस्क पेटीत परत बसवली, नवी रुमालात गुंडाळून क्लासला नेली आणि सरांना म्हटलं, एवढी लावून बघता का? क्लासमध्ये नुकतंच एक नवं मशीन आलं होतं. सरांनी डिस्क त्याला लावली. पूर्ण आकडा आला. हजाराच्या वरचा, लेबलवर होता तोच.

"डिस्क चांगली आहे की," सर म्हणाले. "तुमच्या मशीनमधला मदरबोर्ड जुना असेल. जुन्या बोर्डाला एका हद्दीपर्यंतच मोजता येतं. पुढचं असतं, पण त्याला दिसत नाही." त्यांनी हे किती सहज सांगितलं! पुढे आणखी काय काय सांगत होते, सेटिंग असतं, नवा बोर्ड घ्या, नाहीतर एक प्रोग्रॅम टाकता येतो. माझ्या कानात काही शिरत नव्हतं. मला फरशीवर वाकलेली ती बाई दिसत होती. पेटीला मोजता येत नव्हतं, आणि आम्ही माणसाला चोर ठरवून मोकळे झालो होतो.

घरी जाऊन सांगायचं धैर्य गोळा करत मी अंबरनाथपर्यंत चालत आले. बाबा स्मरणिकेचं टाइप करत होते. मी दारातच म्हटलं, "बाबा, डिस्क बरोबर आहे. आपला बोर्ड जुना आहे. त्याला पाचशे चारच्या पुढे मोजता येत नाही. चूक माझी." बाबांचे हात अक्षरांवर थांबले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी पेटी बंद केली, क्रोशाचं झाकण घातलं, झालर सारखी केली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. आईने विचारलं, "काय झालं गं सुजे?" मी सगळं सांगितलं, बशीसकट. ते घरी कुणाला सांगितलंच नव्हतं. आईची तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली, ती करपली. "पाणी नको म्हणाले?" एवढंच तिने विचारलं.

बाबा चार दिवस दुकानात गेले नाहीत. मी गेले का? नाही. मला वाटायचं, मोठ्यांचं आहे, मोठे बघतील. रविवारी विहारात वंदना होती. पंचशील बाबा द्यायचे, त्यांचा आवाज मोठा आणि स्वच्छ. ते एकेक शील म्हणायचे आणि सगळे मागून म्हणायचे. पहिली तीन झाली. चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. बाबांनी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. लोकांना वाटलं ठसका लागला. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. बाबांनी तांब्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले ते मी पहिल्यांदा पाहिलं. माइकवर नव्हे, गोष्ट सांगताना नव्हे. बाजूच्या एका काकांनी उरलेलं पूर्ण केलं. बाबा चपला घालून सरळ बाहेर पडले, मी त्यांच्या मागे. "कुठे, बाबा?" तर म्हणाले, "चल. दुकानात गर्दी असेल आत्ता. गर्दीतच बोललो होतो."

गर्दी होतीच. शेठनी आम्हाला बघितलं आणि "आओ" म्हणाले, पण आत आवाज दिला नाही. मागच्या फळीवर आमची पहिली डिस्क होती, तिच्यावर कागद चिकटवून मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, खराब. चांगली डिस्क, आमच्या शब्दावर त्यांनी खराब म्हणून बाजूला काढून ठेवली होती. कुणाच्या गळ्यात मारली नव्हती.

बाबा स्टुलावर बसले नाहीत. उभ्याउभ्याच, मोठ्याने, त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "शेठ, माल बरोबर था. हमारा मशीन पुराना है, उसको गिनता नहीं आता. गलती हमारा. मैंने सबके सामने बोला था, सबके सामने माफी मांगता है." दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मी काउंटरच्या काचेत खाली बघत राहिले. तिथे कॅल्क्युलेटर ओळीने मांडलेले होते.

शेठनी फळीवरची डिस्क काढली, तिच्यावरचा कागद नखाने सोलला. "मैं मुंबई में मालवाली पार्टी के पास गया था," ते म्हणाले. "उसको चोर बोलके आया. बीस साल का रिश्ता." मग थोडं थांबून, "आपने चोर बोला, चलेगा. धंदे में सुनना पडता है. लेकिन 'तुम लोग' बोला ना, भालेरावजी. मेरे बाप को यहां सब वही बोलते थे. कॅम्पवाला. तुम लोग."

"आमच्या बापाला पण," बाबा हळू म्हणाले.

"मालूम है," शेठ म्हणाले. "इसीलिए आपसे नहीं सोचा था."

बाबांनी मान हलवली. मला वाटलं आता निघू. कधी एकदा तिथून निघते असं मला झालं होतं. पण बाबा हलले नाहीत. त्यांनी पडद्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "शेठ, थोडं पाणी मिळेल?"

पडदा थोडा हलला. शेठ स्वतः आत गेले आणि स्टीलचा पेला भरून घेऊन आले. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, ओठांना लावला आणि न थांबता सगळा प्यायले. थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. पेला काउंटरवर ठेवून त्यांनी नमस्कार केला. आतून स्टोव्हचा आवाज येत होता, भाजल्या मिरीचा वास येत होता. आम्ही उगाचच थोडं रेंगाळलो. मग निघालो.

नवा बोर्ड बाबांनी घेतला नाही. प्रोग्रॅमही टाकू दिला नाही. "असू दे पाचशे चारच. जेवढं दिसतं तेवढ्यात भागवू," म्हणाले. स्मरणिकेचे फोटो त्यात मावले. बाबांच्या पश्चात मी ती डिस्क एका नव्या मशीनला लावली तेव्हा सगळी दिसली, अर्धी भरलेली, अर्धी कोरी. कोऱ्या भागाकडे मी वेड्यासारखी बघत बसले होते. बाबा त्यानंतरही रिबिनी त्याच दुकानातून आणायचे, शेवटपर्यंत. शेठ नीट बोलायचे, भावही वाजवी लावायचे.

त्या रविवारी घरी आलो तेव्हा आई दारातच होती. "काय म्हणाले?" तिने विचारलं. बाबा पायरीवर बसून चपला काढत होते.

"पाणी दिलं," बाबा म्हणाले.

"आणि पापड?"

बाबांनी दुसरी चप्पल काढली, दोन्ही शेजारी शेजारी सारख्या लावून ठेवल्या. "नाही," म्हणाले. त्यानंतर आईने त्यांना तो प्रश्न कधी विचारला नाही.